राख पडणाऱ्या शहरात संसार मांडताना

कागोशिमाला यायचं ठरलं की प्रत्येक मराठी घरातून पहिला प्रश्न तोच येतो: "समोर जिवंत ज्वालामुखी आहे म्हणे, भीती नाही का वाटत?" भीतीचं नंतर बघू. आधी कपडे कुठे वाळत घालायचे ते ठरवू, कारण रोज गाठ पडते ती त्याच्याशी.

मी मूळची साताऱ्याची, नवरा इथल्या विद्यापीठात. आमच्यामागून आलेल्या प्रत्येक कुटुंबाला मी हे सगळं चहा पिता पिता सांगत आले. दर वेळी तेच तेच सांगून कंटाळा आला, म्हणून एकदाचं लिहून काढते.

जागा आधी नीट समजून घ्या. जपानच्या क्युशू बेटाच्या दक्षिण टोकाला कागोशिमा शहर, वस्ती सुमारे सहा लाख. शहरासमोर किंको उपसागर आणि पाण्यापलीकडे, जेमतेम ४ किलोमीटरवर, साकुराजिमा. उंची १,११७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा बराच बुटका. पण तो थेट समुद्रातून वर आलाय, त्यामुळे डोळ्यांत भरतो. १९५५ पासून त्याचं मिनामीदाके विवर कमीजास्त प्रमाणात सतत धुमसतं आहे. २०११ या एका वर्षात ९९६ स्फोट नोंदले गेले. तेव्हा "कधी उद्रेक झाला तर" असा विचार करत इकडे येऊ नका. उद्रेक होतच असतात. त्यातला आपल्या अंगावर कुठला येणार, एवढंच बघायचं.

वारा बघायची सवय

नवीन माणूस सकाळी उठून डोंगराकडे बघतो. इथली माणसं वाऱ्याकडे बघतात. डोंगराने कितीही धूर ओकला तरी वारा पलीकडे असेल तर आपल्या अंगणात कणही पडत नाही, आणि वारा आपल्याकडे असेल तर एवढ्याशा ढेकरेनेही गॅलरी करडी होते. स्थानिक टीव्हीवर पाऊस-तापमान सांगून झालं की साकुराजिमाच्या माथ्यावरचा वारा कुठल्या दिशेला आहे ते बाणाने दाखवतात. जपानी येत नसलं तरी बाण कळतो. बाण शहराकडे वळला की कपडे घरात.

ढोबळ हिशेब असा. उन्हाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून, म्हणजे डोंगरावरून शहराकडे येतो. जून ते सप्टेंबर राख आपल्या वाट्याला. हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटतो आणि राख पलीकडच्या ओसुमी द्वीपकल्पाकडे, तारुमिझू वगैरे गावांवर जाते. त्या गावच्या बायका हिवाळ्यात तोंड वाकडं करतात, आपण उन्हाळ्यात. हा ढोबळ हिशेब मोडतोही, म्हणून बाण बघायचाच.

याशिवाय जपानची हवामान संस्था राखेचा वेगळा अंदाज देते, तो फोनवर बघता येतो. तो तीन टप्प्यांत येतो. एक नेहमीचा, दर ३ तासांनी निघणारा: उद्रेक झालाच तर पुढच्या १८ तासांत राख कुठे जाईल, ते सांगणारा. दुसरा, उद्रेक झाल्यावर ५ ते १० मिनिटांत येणारा झटपट अंदाज. तिसरा त्यानंतर थोड्या वेळाने येणारा सविस्तर. कपडे उचलायला दुसराच उपयोगी, त्याची सूचना चालू ठेवा. राखेच्या थरानुसार तीन पायऱ्या केल्या आहेत. ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर 'थोडी': खिडक्या लावा, बाकी कामं चालू द्या. ०.१ ते १ मिलिमीटर 'मध्यम': मास्क लावा, गाडी जपून चालवा, रस्त्यावरचे पांढरे पट्टे दिसेनासे होतात. १ मिलिमीटरच्या वर 'जास्त': घराबाहेर पडू नका, गाडी काढू नका. ऐकायला १ मिलिमीटर म्हणजे काहीच वाटत नाही. प्रत्यक्षात तेवढ्याने आख्खा रस्ता झाकला जातो.

घर बघताना

एजंट तुम्हाला कौतुकाने गॅलरीतून डोंगर दाखवेल. दिसतो खरंच सुंदर, संध्याकाळी तर जांभळा होतो. पण भाडं ठरवण्याआधी एवढं विचारा: गॅलरीला काचा लावून बंद केलेली जागा आहे का? इथल्या बऱ्याच जुन्या घरांत अशी काचेची खोली असते, तिथे ऊन येतं पण राख येत नाही. ती नसेल तर न्हाणीघरात कपडे वाळवायची गरम हवेची सोय आहे का ते बघा. तीही नसेल तर जवळ कॉइन लाँड्री किती अंतरावर आहे ते चालून बघा. खिडक्यांच्या चौकटी जुन्या, सैल असतील तर उन्हाळाभर रोज ओलं फडकं फिरवावं लागेल, हे धरून चाला. आणि गाडी घेणार असाल तर छप्पर असलेलं पार्किंग. त्यासाठी थोडे येन जास्त गेले तरी जाऊ द्यात.

डोंगर दिसत नसलेल्या घरात राख पडत नाही असं समजून काही जण मागच्या गल्लीत घर घेतात. राखेला दृश्याशी काही देणंघेणं नसतं.

ही राख चुलीतली नव्हे

हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आपण राख म्हटली की लाकूड जळून उरलेली मऊ भुकटी डोळ्यांसमोर आणतो. ही राख कशाचीच जळून झालेली नाही. हा दगड आणि काच आहे, बारीक फुटलेली. चिमूटभर बोटांत धरून बघा, अगदी रांगोळीसारखी सुळकन निसटते आणि रांगोळीसारखीच जड लागते. फरक एवढाच की कणांच्या कडा धारदार असतात. पाण्यात विरघळत नाही. ओली झाली की जड होते, वाळली की घट्ट बसते. वर तिच्यासोबत ज्वालामुखीच्या वायूंचा आम्ल अंश आलेला असतो, त्याने पत्रा आणि गाडीचा रंग खराब होतो.

पाहुणे आले की हमखास म्हणतात, "अगं, आपला सह्याद्रीही ज्वालामुखीचाच की." खरं आहे. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांमधून पातळ लाव्हा वाहत राहिला आणि त्याचे थरावर थर बसून आपला काळा कातळ झाला. साकुराजिमाचा मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, चिकट आणि वायूने भरलेला. वायूला बाहेर पडायला सरळ वाट मिळत नाही, मग तो मॅग्माला फोडून बाहेर येतो. त्या फुटलेल्या तुकड्यांतले सगळ्यात बारीक ते आपल्या गॅलरीत.

म्हणून नियम एकच: घासायचं नाही. डोळ्यात गेली तर चोळू नका, भरपूर पाण्याने धुवा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी राखेच्या दिवसांत चष्मा वापरावा. टेबलावरची राख कोरड्या फडक्याने पुसली की टेबलावर चरे पडतात. फोनची काच, चष्म्याची काच, टीव्हीचा पडदा, सगळ्याला हाच न्याय. आपल्याकडे राखेने भांडी घासलेली पिढी अजून आहे. सासूबाई आल्या आणि त्यांनी हौसेने या राखेने स्टीलची कढई घासायला घेतली, तर वेळीच हात धरा. मुलीने एका दिवाळीला चाळलेल्या राखेची रांगोळी काढली होती. करड्या रंगावर पांढरे ठिपके फार छान उठून दिसले. पण उचलताना फरशीवर जे ओरखडे उठले ते अजून आहेत.

पडायला लागली की

आकाशात डोंगराच्या बाजूने करडा पडदा सरकताना दिसतो. ढग आणि राख यातला फरक काही दिवसांत कळायला लागतो. नुसता पांढरा धूर असेल तर ती वाफ. काळपट, फुलकोबीसारखा गड्डा वर चढत असेल तर राख. चढताना सरळ, मग वर गेल्यावर एका बाजूला कलतो. कलतो ती आपली बाजू असेल तर हातातलं काम टाका.

कपडे आत. खिडक्या बंद. स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट बंद. गॅलरीतली तुळस आत घ्या, निदान आडोशाला. बाहेर जायचंच असेल तर मास्क, टोपी आणि छत्री. उघड्या उन्हात छत्री घेतलेली माणसं बघून नवीन लोक हसतात. घरी आल्यावर छत्री दाराबाहेर झटका, केस आणि खांदे झटका, चपला-बूट दारातच ठेवा. केस लगेच विंचरू नका, आधी पाण्याने मोकळे करा. दमा असलेल्यांनी आणि लहान मुलांनी थर 'मध्यम' असेल तेव्हाच घरी बसावं, 'जास्त'ची वाट बघू नये. हे माझं मत आहे, पण आमच्या घरी तसंच चालतं.

अधूनमधून खिडक्या एकदम धडधडतात. पहिल्यांदा सगळे टेबलाखाली जातात, भूकंप समजून. ओळखायची खूण: भूकंपात पायाखालची जमीन आणि टांगलेला दिवा हलतो, स्फोटाच्या हवेच्या धक्क्याने नुसत्या काचा आणि दारं वाजतात. या धक्क्याला इथे कूशिन म्हणतात. काचा वाजल्या आणि दिवा शांत असेल तर टेबलाखाली जायची गरज नाही. गॅलरीत जाऊन कपडे उचला.

झाडलोट

आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढे आहेत. जन्म साकुराजिमा बेटावरचा, लग्न होऊन शहरात आल्या. राख कशी काढायची ते मी त्यांच्याकडे बघून शिकले, आणि नगरपालिकेच्या पत्रकात लिहिलेलं आणि त्यांचं करणं यात काडीचा फरक नाही.

सकाळी वारा पडलेला असताना त्या बाहेर येतात. हातात झाडांना पाणी घालायची झारी. झारीने राखेवर नुसता शिडकावा करतात, धूळ उडू नये एवढाच. वरचा पापुद्रा गडद झाला की थांबतात. मग बांबूच्या खराट्याने, छोट्या छोट्या फराट्यांनी, आपल्याकडे ओढत गोळा करतात. पुढे ढकलत नाहीत, ढकललं की उडते. ढीग चपट्या फावडीने पिशवीत. पिशवी अर्धी भरली की त्या तिला एकदा उचलून बघतात, ओठ मिटतात आणि तिथेच गाठ मारतात. दोन पिशव्या झाल्या तरी चालतील, एक फाटता कामा नये.

नवीन माणूस काय करतो, तर सरळ पाइप लावतो. पाण्याने राख जाते कुठे? पन्हळीत, मोरीत, गटारात. तिथे बसते, घट्ट होते, आणि मग पावसाळ्यात पाणी तुंबतं. आधी झाडून घ्यायची, पिशवीत भरायची, उरलेली पुसून काढायला तेवढ्यापुरतं पाणी. काम वरून खाली करायचं: आधी कठडे आणि खिडकीच्या कडा, मग जमीन, शेवटी पायऱ्या. छपरावर मात्र आपण चढायचं नाही, राखेवरून पाय सटकतो. ते काम माणूस बोलावून करून घ्या.

राखेसाठी नगरपालिका पिवळ्या पिशव्या फुकट देते, कोकुहाई-बुकुरो. वॉर्ड कार्यालयात जाऊन मागायच्या. भरलेल्या पिशव्या रोजच्या कचऱ्यात टाकायच्या नाहीत. प्रत्येक वस्तीत राख ठेवायची जागा ठरलेली आहे, तिथे पाटी असते, तिथेच ठेवायच्या. घर घेतल्यावर ही जागा पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा. रस्त्यावरची राख आपली जबाबदारी नव्हे, त्यासाठी झाडणाऱ्या आणि पाणी मारणाऱ्या गाड्या फिरतात. पण आपल्या दारातली राख हळूच रस्त्यावर लोटून द्यायची युक्ती सुचली तर विसरा. सगळे बघत असतात, कोणी बोलत नाही, आणि ते न बोलणंच जास्त लागतं.

वजनाचा अंदाज घ्या. १ मिलिमीटर थर म्हणजे एका चौरस मीटरवर साधारण १ किलो, तीही कोरडी. वीस चौरस मीटरच्या गच्चीवर वीस किलो. पाऊस पडला तर त्याहून बरंच जास्त. म्हणून पाऊस येणार असेल तर त्याआधी काढून टाका.

गाडीचं थोडक्यात: काचेवर राख असताना वायपर चालवू नका. एका ओळखीच्यांनी नव्या गाडीवर तेच केलं, आणि काचेवर अर्धगोलाकार चरा कायमचा राहिला. आधी भरपूर पाणी ओतून राख वाहून जाऊ द्या, मग हात लावा. गाडीवर सतत झाकण घालणंही उपयोगाचं नाही, झाकणाखाली गेलेले कण रंगावर घासत बसतात.

वाळवण

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. चैत्र-वैशाखात पापड-कुरडया गच्चीवर घालायची सवय इथे सोडावी लागते. त्या दिवसांत वारा बेभरवशाचा, आणि जून लागला की पावसाळा. कुरडईत एकदा राख बसली की ती धुता येत नाही, तळल्यावर दाताखाली कचकच येते आणि सगळी पाटी फेकावी लागते.

आम्ही वाळवण जानेवारी-फेब्रुवारीत घालतो. ऐकायला उफराटं वाटतं, पण शहराच्या बाजूला तोच काळ सगळ्यात स्वच्छ. वारा वायव्येचा, हवा कोरडी, राख पलीकडे. ऊन कोवळं असतं, त्यामुळे सांडग्यांना वैशाखापेक्षा बराच जास्त वेळ लागतो, पापड मात्र छान होतात. तरीही पातळ मलमलचं कापड वरून घालाच, आणि दुपारी एकदा बाण बघा. कडधान्यांना ऊन दाखवायचं असेल तर काचेच्या खोलीत. उन्हाळ्यात कोथिंबीर-मेथी वाळवायची तर विजेवरचा छोटा ड्रायर घ्या, वादच नको. बाजारातून आणलेली पालेभाजी उन्हाळ्यात नेहमीपेक्षा एक पाणी जास्त, आणि पाण्याखाली धरून न ठेवता बादलीत बुडवून वर उचलायची. खाली काय बसलं ते बघा, मग पटेल.

भीतीचं

ज्वालामुखीसाठी इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत. साकुराजिमा बहुतेक काळ तिसऱ्यावर असतो: डोंगरावर जायला बंदी, विवरांपासून साधारण २ किलोमीटरच्या आत कोणी जायचं नाही. चौथी म्हणजे वृद्ध, आजारी वगैरेंनी आधी निघायचं. पाचवी म्हणजे सगळ्यांनी निघायचं. पायऱ्या सहसा बेटावरच्या वस्तीसाठी असतात, शहरातल्या तुमच्या घरासाठी नव्हे. हा फरक भारतातल्या नातेवाइकांना समजावून ठेवा. आधीच.

कारण २४ जुलै २०२२ ला रात्री ८ वाजून ५ मिनिटांनी स्फोट झाला, मोठे दगड अडीच किलोमीटरच्या आसपास उडाले आणि इशारा पहिल्यांदाच पाचव्या पायरीवर गेला. अरिमुरा आणि फुरुसातो या बेटावरच्या वस्त्यांतल्या ३३ घरांतल्या ५१ माणसांना हलवलं. शहरात आम्ही जेवत होतो. भारतात तेव्हा दुपारचे साडेचार. थोड्याच वेळात तिकडच्या वाहिन्यांवर लाल अक्षरं झळकली आणि माझ्या फोनला उसंत मिळेना. आत्या, मावशी, शाळेतली मैत्रीण, नवऱ्याचे निवृत्त सर. २७ तारखेला इशारा परत तिसऱ्यावर आला, ती बातमी अर्थातच कोणी दाखवली नाही. तेव्हापासून मी घरच्या ग्रुपवर एक निरोप तयार ठेवलाय: "आम्ही पाण्याच्या अलीकडे आहोत, ठीक आहोत, उद्या सकाळी फोन करते." तुम्हीही ठेवा. फोनची बॅटरी वाचते.

याचा अर्थ निवांत राहा असा नाही. १२ जानेवारी १९१४ ची गोष्ट इथे शाळेतल्या पोरालाही माहीत असते. त्याच्या आधीच्या दिवसांत बेटावर सारखे भूकंप होत होते, विहिरींचं पाणी बदललं, किनाऱ्यावर गरम पाणी उसळायला लागलं. म्हाताऱ्यांनी ओळखलं आणि बरेच लोक होड्यांतून निघून गेले. पूर्वेकडच्या गावच्या प्रमुखांनी हवामान वेधशाळेला विचारलं, तर उत्तर आलं की साकुराजिमाचा उद्रेक होणार नाही. त्या शब्दावर विसंबून जे थांबले त्यांच्यापैकी काहींना शेवटच्या क्षणी जानेवारीच्या थंड समुद्रात उड्या घ्याव्या लागल्या, काही बुडाले. संध्याकाळी मोठा भूकंप झाला, शहरातही माणसं गेली. सगळे मिळून ५८ मृत आणि बेपत्ता. लाव्हा इतका वाहिला की बेट आणि ओसुमी यांच्यामधली सामुद्रधुनी बुजली. साकुराजिमा तेव्हापासून बेट राहिलाच नाही, म्हणायला अजून सगळे बेटच म्हणतात. त्याआधी तिथे वीस हजारांवर वस्ती होती, आता चार हजारही नाही.

दहा वर्षांनी गावाने हिगाशी-साकुराजिमाच्या शाळेत एक दगड उभा केला. त्यावरच्या मजकुराचा मथितार्थ असा: रहिवाशांनी सिद्धान्तावर विसंबून राहू नये, काही वेगळं जाणवलं की आधीच निघायची तयारी करावी. काही जण त्याला विज्ञानावर अविश्वासाचा दगड म्हणतात. मला तसं वाटत नाही. आज बेटावर क्योतो विद्यापीठाचं संशोधन केंद्र आहे, डोंगरात बोगदे खणून जमिनीचा कल मोजणारी यंत्रं बसवली आहेत, जमीन केसभर फुगली तरी नोंद होते. १९१४ ला यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. त्याच यंत्रांवरून संशोधक सांगतात की खालच्या साठ्यात १९१४ च्या वेळेइतका मॅग्मा पुन्हा जमा होत आलाय. दगड आणि यंत्रं, दोघांचं सांगणं एकच निघतं. शेजारच्या आजींना एकदा विचारलं, तर म्हणाल्या, विहीर मी बघेन, यंत्र त्यांनी बघावं.

दरवर्षी उद्रेकाची मोठी कवायत होते. बेटावरची माणसं ठरलेल्या बंदरांवर गोळा होतात, बोटींनी शहरात येतात. शहरातल्या वस्त्यांमध्येही मोठ्या राखेची तयारी सांगतात. एकदा तरी जा, भाषा न कळली तरी कुठे जमायचं ते कळतं.

शहरात राहणाऱ्याने काय तयारी ठेवायची? मोठा उद्रेक झाला आणि वारा आपल्याकडे असला तर रस्ते बंद, आगगाड्या बंद, कदाचित वीज आणि पाणीही. म्हणजे पळण्यापेक्षा घरात टिकून राहायची तयारी जास्त हवी. पाणी माणशी रोज ३ लिटर धरून आठवडाभराचं. न शिजवता खाता येईल असं: चिवडा, दाण्याचे लाडू, मेतकूट-दूध पावडर, खाकरे. भडंगाचा मोठा डबा आमच्याकडे कायम असतो, तो संपतो लवकर एवढाच त्याचा दोष. मास्क आणि बंद चष्मे घरातल्या प्रत्येकासाठी. औषधं, आणि औषधांच्या चिठ्ठीची जपानी प्रत. पासपोर्ट, निवासाचं कार्ड, थोडी रोख रक्कम, हे सगळं एका पाठपिशवीत दाराजवळ. टॉर्च. खिडक्यांच्या फटींना लावायची रुंद चिकटपट्टी, ही मात्र हमखास विसरली जाते.

बेटावर जाताना

पाहुणे आले की जायचंच. फेरीबोटीने पंधरा मिनिटांत पलीकडे. माथ्यावर जाता येत नाही. सगळ्यात वर जाता येतं ते युनोहिराच्या सज्जापर्यंत, ३७३ मीटरवर. तिथून विवराची बाजू एवढी जवळ येते की गप्पिष्ट पाहुणेही थोडा वेळ गप्प बसतात. किनाऱ्यावर गरम पाण्यात पाय सोडून बसायची लांबलचक जागा आहे, तीही फुकट. टॉवेल घरून न्या. कुरोकामीला देवळाची कमान आहे, मुळात ३ मीटर उंच होती, १९१४ च्या राखेत-दगडांत गाडली गेली आणि वरचा सुमारे १ मीटर तेवढा बाहेर राहिला. मुद्दाम तशीच ठेवली आहे. लहान मुलांना तिच्याशेजारी उभं करा, मोजमाप आपोआप समजतं.

रस्त्याच्या कडेला काँक्रीटची निवाऱ्याची खोकी दिसतील, दगड पडायला लागले तर तिथे शिरायचं. उतरल्यावर पहिलं जवळचं खोकं कुठलं ते हेरून ठेवा. शाळेला निघालेली पोरं डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून जातात, त्यांचे फोटो काढत सुटू नका. थडग्यांवर छोटी छपरं घातलेली दिसतील, राखेपासून पूर्वजांना आडोसा. तिथेही आवाज खाली.

"मग राहतात तरी का हे लोक इथे?" हा प्रश्न परतीच्या फेरीत येतोच. उत्तर दुकानात विकायला ठेवलेलं असतं. ज्वालामुखीच्या सच्छिद्र, पाणी न धरणाऱ्या मातीत कोमिकान नावाची लिंबाएवढी संत्री होतात, आणि जगातला सगळ्यात मोठा मुळा. २००३ मध्ये ३१.१ किलोचा एक निघाला, त्याची तेव्हा गिनीजमध्ये नोंद झाली होती. साधारण मिळतो तोही सहा-सात किलोचा, वाटोळा, शेतकऱ्याला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उचलावा लागतो.

हिवाळ्यातच घ्या, जानेवारी-फेब्रुवारीत. एकट्या घराला अख्खा झेपत नाही, दोन-तीन कुटुंबांत वाटून घ्या आणि तिथल्या तिथे कापून मागा. आपल्या मुळ्याएवढा उग्र नसतो, गोडसर असतो आणि शिजवला तरी विरघळत नाही. त्यामुळे पाल्याशिवायची मुगाची डाळ घालून केलेली भाजी त्याचीच करावी. कोशिंबिरीला दही थोडं आंबट घ्या. थालीपिठाला किसून मीठ लावून ठेवा, सुटलेलं पाणी फेकू नका, भाजणी त्यातच भिजवा. आणि शेजारी द्यायला गरम गरम दोन जास्तीची थापा. आजींना हिरवी मिरची चालत नाही, त्यांच्यात आलं घालायचं.